मगरीला पांघरलेली घोंगडी

शके अठराशे अठ्ठावन्न, पौष महिना. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. त्या पौषात काय झालं, ते ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही.

एक होता सणगर. घोंगड्या विणायचा. नाव सिदोजी. बायकोचं नाव भागू. सिदोजी मोठा करारी. कुणाचं देणं अंगावर ठेवायचा नाही. पण एक राहिलं होतं, बरं का. त्याची लेक सारजा लहानपणी तापानं फणफणली, तेव्हा तो नर्मदामैयेला बोलला होता, "हिला वाचव. आम्ही दोघं पायी तुझी परिक्रमा करू." सारजा वाचली. मोठी झाली, सासरी गेली, तिला पोरं झाली. माग काही थांबला नाही आणि नवस तसाच राहिला. मग केस पिकल्यावर दोघं ओंकारेश्वरहून निघाली.

परिक्रमेचा नेम कडक. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. नदीला मिळणारे ओढे ओलांडले तर चालतं. नदी ओलांडायची नाही. ओलांडली की सगळी चाल वाया. पुन्हा पहिल्यापासून.

एका सकाळी दाट धुकं पडलं. वाळूवर कुणीतरी पालथं पडलेलं दिसलं. थंडीनं आखडलेलं. हलेना की बोलेना. सिदोजीला कळवळा आला. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्यावर घातली. कडा नीट खोचून दिल्या. मग पायाकडची बाजू खोचायला गेला, तर शेपटी!

"अहो, मगर आहे ती!" भागू ओरडली. "घोंगडी ओढा आणि पळा!"

"दिलेलं मी काढून घेत नाही," सिदोजी म्हणाला. पण निघाला मात्र भराभर. हसू नका. तुम्ही असता तर घोंगडीही टाकली असती आणि धोतरही.

मागून घोगरा आवाज आला, "म्हातारबुवा, एवढ्या वर्षांत मला कुणी पांघरूण घातलं नव्हतं. हे देणं राहिलं."

"राहू देऊ नकोस," सिदोजी मागं न वळता म्हणाला.

मग पुढं पाणी लागलं. घोट्याएवढं. पलीकडचं काही दिसेना.

"जरा धुकं निवळू द्या," भागू म्हणाली.

"ओढा आहे."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

झालं. दोघं पाण्यातून पलीकडे गेली.

मग उन्हं वर आली. धुकं उठलं. बघतात तर उजवीकडे नदी आणि डावीकडेही नदी! मधल्या बेटावर ही दोघं उभी. तो ओढा नव्हता. नदीचाच फाटा होता. नदी ओलांडली गेली होती.

सिदोजी मटकन खाली बसला.

"ओढा म्हणे!" भागू म्हणाली. "आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून."

"माझे गुडघे बघा. लाकडं झालीत नुसती. परत मागं जाऊन एवढं चालणं या जन्मी माझ्यानं होणार नाही."

"मग काय, सारजेचं देणं तसंच घेऊन मरायचं?" सिदोजी म्हणाला. एवढा करारी गडी, पण डोळे भरून आले.

तेवढ्यात पाण्यातून मगर वर आली. अंगावर घोंगडी तशीच.

"सरका जरा," ती म्हणाली.

मग तिनं डावीकडच्या पाण्याचा काठ दातांत धरला. पांघरुणाचा धरतात ना, तसा. पहिल्यांदा ओढलं, पाण्याला सुरकुत्या पडल्या. दुसऱ्यांदा ओढलं, तळातले मासे टणाटण उडाले. तिसऱ्यांदा ओढलं, आणि सगळाच्या सगळा फाटा बेटाला वळसा घालून उजवीकडच्या नदीत जाऊन पडला. डावीकडे उरली कोरडी वाळू.

"आता सांगा," मगर म्हणाली, "तुम्ही काय ओलांडलंत?"

सिदोजीनं वाळूवर हात ठेवून पाहिला. कोरडी ठणठणीत. "पण सकाळी तर इथं—"

"अहो, गप्प बसा!" भागू म्हणाली. "मैयाच सरकून बसली. तुम्ही तिच्याहून शहाणे का?"

सिदोजीनं कोंडलेला श्वास सोडला. इतका मोठा, की मगरीच्या अंगावरची घोंगडी हलली. मग तो हसला. भागूनं त्याला कितीतरी वर्षांनी हसताना पाहिलं.

"घोंगडी घेऊन जा," मगर म्हणाली.

"ठेव. पौष सरायचाय अजून."

"माझं फिटलं, म्हातारबुवा. आता तुमचं फेडा."

आता डोळे मिटा. शेवट मिटल्या डोळ्यांनी ऐकायचा असतो.

दोघं चालत राहिली. धुकं पडलं की सिदोजी आपणहून थांबायचा आणि भागूकडे बघायचा. ती मान हलवील तेव्हाच पाऊल उचलायचा. थंडी सरली. गहू कापून झाले. आंब्यांना कैऱ्या लागल्या. मग एका सकाळी जिथून निघाली होती तोच घाट समोर आला. सारजा पोरांना घेऊन पायरीवर उभी होती. सिदोजी तिच्यापाशी थांबला नाही. आधी पाण्यापाशी गेला, वाकला आणि कपाळ टेकलं.

देणं फिटलं.