कान माझे, धडाम तुमचा!

एक होती खारुली. तिचं नाव झुबकी. शेपूट झुबकेदार, आणि कान भारी तिखट! पान पडलं तरी तिला ऐकू यायचं.

रानात जत्रा भरली. झुबकी सगळ्यांच्या आधी आली. आंब्याच्या पुढच्या फांदीवर बसली. आता आकाशात रंगीत फुलं उडणार!

आणि... धडाम!

ना विचारणं, ना सांगणं! झुबकीचे कान बधिर झाले. डोकं भणभणलं. पळाली ती तुरुतुरु!

मागे बघते तर काय? तिच्या जागेवर माकड!

"पळकुटीला कशाला हवी जागा?" माकड म्हणालं.

झुबकीला असा राग आला, असा राग आला! दुसऱ्या दिवशी ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

फटाके लावायचे अस्वलकाका.

"अस्वलकाका, अस्वलकाका, धडामच्या आधी थांबा ना! माझी जागा मला मिळेना!"

"तू कान झाक की!"

"कान माझे, धडाम तुमचा! मीच का झाकू?"

"मग घंटा वाजली, तर थांबेन."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"घंटामावशी, घंटामावशी, वाज ना!
अस्वल काही थांबेना,
माझी जागा मला मिळेना!"

"तू कान झाक की!"

"कान माझे, धडाम तुमचा! मीच का झाकू?"

"माझी दोरी तुटली. सुगरणीनं दोरी वळली, तर वाजेन."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"सुगरणताई, सुगरणताई, दोरी वळ ना!
घंटा काही वाजेना,
अस्वल काही थांबेना,
माझी जागा मला मिळेना!"

"तू कान झाक की!"

"कान माझे, धडाम तुमचा! मीच का झाकू?"

"माझं गवत घरट्यात संपलं. गवतआजोबा आले, तर वळेन."

तुरुतुरु... आता पाय दुखले. पण राग काही दमला नाही!

"गवतआजोबा, गवतआजोबा, चला ना!
सुगरण दोरी वळेना,
घंटा काही वाजेना,
अस्वल काही थांबेना,
माझी जागा मला मिळेना!"

आजोबा 'कान झाक' म्हणाले नाहीत. म्हणाले, "धडाम झाला की मीही थरथरतो गं. मला कुणी विचारलंच नाही. चल!"

मग काय!

गवत आलं, सुगरणीनं दोरी वळली.
दोरी आली, घंटा वाजली. ठण ठण ठण!
रात्री पुन्हा जत्रा भरली. घंटा वाजली, अस्वल थांबलं.

"आता धडाम होणार हं!" अस्वलकाका ओरडले. "लांब जायचं त्यांनी लांब जा. कान झाकायचे त्यांनी झाका!"

झुबकीनं माकडाकडे नुसतं बघितलं. माकड मुकाट सरकलं. झुबकीनं शेपूट कानांवर ओढलं. आपल्या मनानं!

धडाम!

वर हे मोठं लाल फूल! झुबकी पळाली नाही.

घंटा ऐकून लांब टेकडीवर कोण कोण येऊन बसलं होतं? ससा, मुंगूस, साळिंदर! जत्रेत त्यांना कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"इतकी वर्षं कुठे होता रे?" माकडानं ओरडून विचारलं.

"बिळात. कान दाबून."

झुबकी पाय आपटून म्हणाली, "इतकी वर्षं! आणि हवी होती फक्त एक दोरी!"