नव्या लेफ्ट बॅकची जर्सी

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात गडहिंग्लजचा इरफान नवा लेफ्ट बॅक म्हणून आला. आधीचा लेफ्ट बॅक संग्राम उन्हाळ्यात अपघातात गेला होता. गेलेल्या खेळाडूची जर्सी घरच्यांनीच नव्या गड्याला द्यायची, असा तालमीचा रिवाज. म्हणून संग्रामचे वडील शामरावमामा सराव बघायला आले होते. मांडीवर जर्सी होती. ती धुवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

अध्यक्ष यशवंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, देऊ नका जर्सी! बचावाचा गडी आणि सारखा पुढं पळतोय. मागं यायचं नाव न्हाई, हाक मारली तर ऐकत न्हाई. कुठं आपला संग्राम आणि कुठं हे!"

मामा जर्सीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "अध्यक्ष, इथंच बसून तुम्ही संग्रामलाबी हेच बोलायचासा. त्या रात्री पोरगं जेवायचं न्हाई."



मामा उठले. इरफानच्या हातात जर्सी देऊन अध्यक्षांकडं वळले. "आपला संग्राम म्हणालासा, बरं वाटलं. ह्या पोराला तेवढं जित्तेपणी म्हणा."