नावाचं वजन

"हवा विकत घेतलीस आणि वर म्हणतेस धंद्याचा खर्च?" तांबडगडचा राजा रणधवल गरजला. "नामंजूर! एक दमडी वजा होणार नाही. पूर्ण कर भर!"

समोर उभी होती गोजरा, लसणाच्या चटणीवाली. चटणी दूरदूर विकावी म्हणून तिने वेबसाइट काढली होती. 'झणझणीत डॉट राज' हे नाव एका व्यापाऱ्याने आधीच धरून ठेवलेलं. गोजराने शंभर मोहरा देऊन ते त्याच्याकडून घेतलं. शिवाय नोंदणीची फी, दर वर्षी दोन मोहरा.

"महाराज, हवा कसली? ते माझ्या दुकानाचं नाव आहे!"

"असं? मग उद्या ते तराजूत तोलून दाखव! पारडं हललं नाही तर दुप्पट कर!"

दरबारी खो खो हसले. गोजरा रडकुंडीला येऊन घरी गेली. दुप्पट कर म्हणजे दुकानच बंद! पण लसूण ठेचता ठेचता ती एकदम खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात दोन बरण्या मांडल्या. एक कोरी, दुसरीवर ठळक अक्षरांत 'झणझणीत डॉट राज'.

"महाराज, आधी चव घ्या. कुठलीचे किती द्याल?"

राजाने कोरीतली चटणी चाखली. "बरी आहे. पाच मोहरा." मग दुसरीतली. "वा वा वा! ही खरी चटणी! हिचे वीस!" नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा, तरी बोट पुन्हा बरणीत!

राजाने वीस मोहरा मोजल्या. गोजराने पाच बाजूला काढल्या आणि उरलेल्या पंधरा तराजूत ओतल्या. पारडं खणकन खाली!

"हे घ्या नावाचं वजन! चटणी दोन्हींत एकाच खलबत्त्यातली!"

पण राजा कसला हटतोय!

"वजन आहे ना? मग ती मालमत्ता झाली! नाव तर तुझ्याकडेच आहे. खर्च झालं कुठे?"

"खलबत्ताही माझ्याकडेच आहे, महाराज. तो झिजतो तसं दर वर्षी थोडं वजा करता ना? नावाच्या शंभर मोहरांचंही तसंच करा. दोन मोहरांची फी मात्र वर्षासोबत संपते. ती त्याच वर्षी सगळी वजा!"

"नाव कधी झिजतं का गं?"

"आपल्या पणजोबांचं नाव काय, महाराज?"

"पणजोबांचं? ते हे... अरे, काय बरं..." राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान छताकडे पाहू लागला!

राजा पोट धरधरून हसला. मुकुट घरंगळला, तरी हसू थांबेना.

"मंजूर! दोन्ही मंजूर! आणि प्रधानजी, या पंधरा मोहरांवर आणखी शंभर ठेवा. राजवाड्याला चटणी आजपासून हिच्याकडूनच!"