अकरा चाकूंच्या मुठी

आंब्याच्या कलमांसाठी नावाजलेल्या एका गावात जैबुनबी शिकलगार नावाची चाकू बनवणारी बाई राहत होती. तिचे चाकू मिटून खिशात ठेवता येत. मुठीला ती लाकूड वापरत नसे. जुन्या सुती कापडाचे थर राळेत भिजवायचे, दाबाखाली ठेवून दगडासारखे घट्ट करायचे आणि त्याच्या पट्ट्या कापून मुठीच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या, अशी तिची रीत. मग पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने ती पट्ट्या घासत बसे. आधी खरखरीत पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. घासता घासता कापडाचे थर लाटांसारखे वर दिसू लागत. शेवटी तेलाचे बोट फिरवले की काम झाले.

गावातले सर्वांत मोठे बागायतदार म्हणजे फत्तेसिंगराव. त्यांच्या बागेला पन्नास वर्षे झाली, म्हणून त्यांनी समारंभ ठरवला आणि आपल्या अकरा माळ्यांना भेट देण्यासाठी जैबुनबीला अकरा चाकू करायला सांगितले. तीन आठवडे खपून तिने ते केले. राव स्वतः बघायला आले. मूठ उन्हात धरून त्यांनी नाक मुरडले. ही फारच मंद दिसते, ते म्हणाले; मंडपात दिव्यांखाली आरशासारखी चमकली पाहिजे, पाहुणे येणार, फोटो निघणार.

जैबुनबीने त्यांना समजावून सांगितले. तशी चमक आणणे तिला अवघड नव्हते. पण कलम बांधताना माळ्यांचे हात पाण्याने आणि चिकाने ओले असतात. गुळगुळीत मूठ ओल्या हातातून सटकते आणि बोटे पात्यावर जातात.

"चाकू देणार मी आहे," राव म्हणाले.

"पण धरणारे तुम्ही नाही, रावसाहेब," जैबुनबी म्हणाली.

रावांचा चेहरा लाल झाला. बागेतली सगळी हत्यारे धारेला तिच्याकडेच येत. ते काम उद्यापासून बंद, असे त्यांनी बजावले. जैबुनबी जागची हलली नाही. तिने कानस घेतली, प्रत्येक पात्यावरची आपली खूण घासून काढली आणि अकराही चाकू त्यांच्यापुढे ठेवले. चमक हवी तर दुसरीकडून आणा, पण माझ्या नावावर नको, एवढेच ती बोलली.

रावांनी तालुक्याच्या गावी मशीनवर मुठी चमकवून घेतल्या. समारंभात टाळ्या पडल्या. जैबुनबीला बोलावणे नव्हते. बागेची हत्यारेही यायची थांबली. रिकाम्या दुकानात बसून ती चडफडत असे, पण आपले चुकले असे तिला एकदाही वाटले नाही.

आठव्या दिवशी म्हातारा माळी भिकोबा तिच्या दारात आला. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. आणखी दोघांची बोटे कापली होती. रावांना सांगितले, तर नीट धरत जा म्हणाले.

"चाची, एवढी चमक उतरवून दे," भिकोबा म्हणाला.

जैबुनबीने पॉलिश पेपरची चळत उचलली आणि भर दुपारी ती सरळ बागेत गेली. तिने अकराही माळ्यांना हौदाच्या काठावर बसवले. पेपर ओला ठेवा, हात हलका ठेवा, चकाकी मेली की थांबा, असे सांगत ती एकेकाची मूठ पाहू लागली. खसखस ऐकून राव तरातरा आले. माझी भेट खराब करायला कुणी सांगितले, असे त्यांनी दरडावून विचारले. एकाही माळ्याचा हात थांबला नाही.

भिकोबाने चिंधी बांधलेला अंगठा वर केला. "यानं सांगितलं, मालक."

राव जैबुनबीवर उखडले आणि बागेत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी तिला सुनावले. तिने मान हलवली. शेजारच्या माळ्याची मूठ अजून अर्धी चकाकत होती. ती पुरी करून घेतली, हात धुतले आणि मगच ती उठली.

रावांचे काम तिला पुन्हा कधी मिळाले नाही. त्यानंतर त्या हंगामात बागेत मात्र कुणाचे बोट कापले नाही.

तात्पर्य: वस्तू ज्याच्या हातात राबणार, तिच्याबद्दल शेवटचा शब्द त्याचा असतो; तो राखण्यासाठी मोठ्या माणसाला नाही म्हणावे लागले, तर खुशाल म्हणावे.