रेशमी भूछत्र

श्रावणातल्या धुक्यात रान जणू स्वप्न बघत होतं. अळंब्या वेचताना कोंडाईला भलंमोठं भूछत्र दिसलं. हात लावला, तर रेशमी आणि जरीकाठी! शेजारी चिखलात रानडुकराची ताजी पावलं होती. तिने ते घोंगडीत गुंडाळलं.

गावात दवंडी फिरत होती, राजेसाहेबांच्या सशांच्या शिकारीसाठी रान बंद. अळंब्यांसाठी रान खुलं ठेवा म्हणत कोंडाई थेट दरबारात गेली.

राजेसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "ससा की भूछत्र, राजासारखं कोण? उत्तर पटलं तर रान खुलं."

"भूछत्र, महाराज. दोघांच्याही डोक्यावर छत्र असतं."

राजेसाहेब खुलले. "आणि ससा?"

"तो डुक्कर फुरफुरलं की पळत सुटतो." कोंडाईने घोंगडी सोडली. "हे बघा, काल एक ससा हे छत्र टाकून पळाला."

छत्र आपलं म्हणावं, तर ससा ठरायचं! राजेसाहेबांनी मुकाट्याने रान खुलं केलं.

तेव्हापासून धुक्यात एक रेशमी भूछत्र अळंब्या वेचत फिरतं.