निघताना काय म्हणतेस?

घरातला कॉम्प्युटर अजून बैठकीत ओढणी पांघरून बसायचा, तेव्हाची ही गोष्ट.

एका सकाळी एक ईमेल गाठोडं घेऊन दारात आली. "मी द्वारकामावशीची. गाठोड्यात फोटो आहेत. लगेच उघडा, जाते मी!"

माउस क्लिक करायला धावला. म्हातारा कीबोर्ड ओरडला, "थांब रे! मावशीची ईमेल निघताना कधी 'जाते' म्हणते का? 'येते' म्हणते. टाक ते कचरापेटीत!"

माउसनं टाकलं. आतून व्हायरसनं करकरा दात खाल्ले.

संध्याकाळी दुसरी ईमेल आली. "मी द्वारकामावशीची. वासराचे फोटो आणलेत."

माउस जागचा हलला नाही. "आधी निघून दाखव!"

ईमेल खुदकन हसली, पाठ फिरवून म्हणाली, "बरं बाबा, येते!"

"मग ये की आत!" म्हणत माउसनं गाठोडं सोडलं.