गणूचे आंबे आणि मल्हारीचा बाक

गाव होतं शहाण्यांचं. त्या गावात एक भोळा मुलगा होता. मल्हारी त्याचं नाव.

भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "दुधाकडे लक्ष ठेव." दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. मल्हारीनं नजर हलवली नाही. आईनं विचारल्यावर त्यानं सगळं नीट सांगितलं. आधी कुठल्या बाजूनं उतू गेलं, तेसुद्धा.

सहामाहीचा निकाल लागला. धाकटी बहीण शेवंती सहावीत होती. तिचा नंबर पहिला आला. मल्हारी सातवीत. त्याला गणितात शंभरपैकी अकरा मार्क मिळाले. तो उड्या मारत घरी आला.

"आबा, शेवंतीचा एकच आला! माझे अकरा आले!"

आबांनी प्रगतिपुस्तक पाहिलं. मग खाली बसले. मग पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आबा दोघा मुलांना घेऊन शाळेत गेले. सातवीला भोईटे बाई होत्या. बाई म्हणाल्या, "सातपुते, वार्षिक परीक्षेत असंच झालं तर हा पुढच्या वर्षी पुन्हा सातवीत. शेवंतीच्या शेजारी."

शेवंती लगेच म्हणाली, "मग वर्गात मी तुला दादा म्हणणार नाही हं. 'ए मल्हारी, खडू आण' असं म्हणणार."

अकरा मार्कांचं मल्हारीला काही नव्हतं. पण शेवंती बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द 'दादा' होता. तो शब्द त्याचा होता. तो जाणार म्हणजे काय?

"बाई, मी काय करू?"

"पुस्तक उघडून पेंगतोस, ते आधी बंद कर. मोठ्यानं म्हणत जा. शेवटच्या घराला ऐकू गेलं पाहिजे."

"बरं, बाई. तसंच करीन."

आठवड्यानं चाचणी आली. पेपर वाटून बाई ऑफिसात गेल्या. मल्हारी लिहू लागला आणि लिहिता लिहिता खणखणीत आवाजात म्हणू लागला.

"महाराष्ट्राची राजधानी, जेजुरी! हिमालय पर्वत, सासवडच्या पलीकडे!"

पोरांना वाटलं, एवढ्या ठामपणे सांगतोय म्हणजे खरंच असणार. सगळ्यांनी आपापली उत्तरं खोडली. त्या दिवशी अख्ख्या सातवीची राजधानी जेजुरीला गेली.

बाईंनी पेपर तपासले आणि मल्हारीला पुढे बोलावलं. "अरे, परीक्षेत असं बोंबलतात का? उत्तर मनातल्या मनात म्हणायचं. ओठसुद्धा हलता कामा नयेत!"

"बरं, बाई. तसंच करीन."

शेवंतीनं हे ऐकलं आणि दादाला आपल्या हाताखाली घेतलं. म्हणाली, "तू रोज पाणी भरतोस ना? एका हंड्याला एक पाढा म्हण. रोज. चुकलास तर तो हंडा पुन्हा."

पाढे होते तीस. घरची पिंपं बारा हंड्यांत भरली. मल्हारी थांबला नाही. त्यानं शेजारच्या काकूंची पिंपं भरली, देवळाचा रांजण भरला, तालमीचा हौद भरला. सतराचा पाढा चुकायचा, म्हणून गुरांच्या हाळातही पाणी मावेना. महिन्याभरात सगळे पाढे त्याला पाठ झाले. गाव खूश होतं. कुणी विचारलंच नाही, हे पाणी कशासाठी.

मग शाळा तपासायला साहेब आले. साहेबांनी नेमकं मल्हारीलाच उभं केलं.

"सांग बाळ, सात आठे किती?"

मल्हारी मनात म्हणाला, 'छप्पन्न.' आणि साहेबांकडे बघून छान हसला.

"येत नाही का?"

'आत्ताच सांगितलं की,' मल्हारी मनात म्हणाला.

"बरं, तुझं नाव काय?"

मल्हारीनं तेही सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं. मनात.

साहेब बाईंकडे वळले. "याला ऐकू येत नाही का हो?"

'येतं की,' मल्हारी मनात म्हणाला. ओठ जरासुद्धा हलू दिले नाहीत.

साहेब गेल्यावर बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. मग वर बघून म्हणाल्या, "कुणी विचारलं की ताडकन उभं राहायचं, हात वर करायचा आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं. साहेब असो नाहीतर कुणी असो!"

"बरं, बाई. तसंच करीन."

रविवारी काकांच्या घरी उषाताईला बघायला पाहुणे आले. उषाताई म्हणजे मल्हारीची चुलतबहीण. कांदेपोहे फिरले. उषाताई पाटावर येऊन बसली. मुलाच्या मावशींनी घसा खाकरला.

"नाव काय गं तुझं?"

दारातून मल्हारी ताडकन पुढे आला. हात वर. "मल्हारी विठोबा सातपुते!"

मावशी दचकल्या. "शिक्षण किती झालंय?"

"सातवी चालू! सहामाहीत गणितात अकरा!"

"स्वयंपाक येतो का?"

"चहा येतो! भाकरी थापताना फाटते!"

नवऱ्या मुलाच्या नाकात पोहे गेले. उषाताई पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. काकांनी मल्हारीचा कान धरून त्याला अंगणात आणलं.

"प्रश्न कुणाला विचारलाय ते आधी बघत जा! ज्याला विचारलाय त्यानंच उत्तर द्यायचं. आपण मध्ये तोंड घालायचं नाही!"

"बरं, काका. तसंच करीन."

लग्न मात्र जमलं. नवरा मुलगा म्हणाला, इतकं हसू येतं असं घर मी पाहिलं नव्हतं.

वार्षिक परीक्षा आली. आदल्या संध्याकाळी शेवंती म्हणाली, "दादा, तुला सगळं येतंय. फक्त नीट लिही. मला तुझ्याशेजारी बसायचं नाहीये."

"मलाही नाही बसायचं," मल्हारी म्हणाला. त्याला रडू येत होतं.

भाषेचा पेपर सुरळीत गेला. भूगोलात राजधानी मुंबईला परत आली. शेवटचा पेपर गणिताचा. मल्हारीनं पहिला प्रश्न वाचला.

'गणूने दीडशे आंबे आणले. त्यातले बावन्न विकले आणि सतरा नासले. तर गणूकडे किती आंबे उरले?'

उत्तर त्याला लगेच आलं. एक्क्याऐंशी. पेन कागदावर टेकणार, एवढ्यात त्याला काकांचं बोलणं आठवलं. कान आपोआप दुखला. त्यानं पेन खाली ठेवलं आणि उठून बाहेर गेला. बाईंना वाटलं, पाणी प्यायला गेला असेल.

थोड्या वेळानं तो परत आला. शाळेशेजारी भिंत बांधणाऱ्या गणू गवंड्याला हाताला धरून घेऊन आला. गणूच्या हातात थापी होती आणि थापीवर ओलं सिमेंट.

"हे कोण?" बाई ओरडल्या.

"गणूकाका. प्रश्न यांना विचारलाय, बाई. मी कसं मध्ये तोंड घालू?"

गणू घामाघूम झाला. "देवाशपथ सांगतो बाई, मी एक आंबा विकला नाही. नासले ते कुणाचे, मला काही ठाऊक नाही."

"मल्हारी!" बाईंचा आवाज चढला. "प्रश्नात नाव कुणाचंही असू दे, उत्तर तुझं! बस त्या बाकावर. सगळी गणितं सोडव. आणि मी 'ऊठ' म्हणेपर्यंत जागचा हललास तर बघ!"

"बरं, बाई. तसंच करीन."

मल्हारी बसला. घाबरून गणूही त्याच्या शेजारी बसला. मल्हारीनं सगळी गणितं सोडवली. घंटा झाली. पेपर गोळा झाले. बाईंना एसटी गाठायची होती. त्या पिशवी उचलून धावतच गेल्या. 'ऊठ' म्हणायचं राहूनच गेलं.

गणू संध्याकाळपर्यंत बसला आणि मग भिंत वाळतेय म्हणून गेला. शेवंती बोलवायला आली. "दादा, जेवायला चल."

"बाईंनी ऊठ म्हटलेलं नाही."

आबा येऊन ओरडले. शिपायानं किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला. मल्हारी हलला नाही. बाई तर माहेरी गेलेल्या, त्या येणार थेट निकालाच्या दिवशी. शेवटी आबांनी गणूला बोलावलं. दोघांनी बाक मल्हारीसकट उचलला आणि घरी आणला. मल्हारी बाकावर जेवला, बाकावर झोपला. आणखी कशाकशासाठी बाक कुठं कुठं न्यावा लागला, ते विचारू नका.

निकालाच्या दिवशी बाक पुन्हा शाळेला निघाला. पुढे शेवंती, मागे आबांच्या आणि गणूच्या खांद्यावर बाक, बाकावर मल्हारी. वरात समजून दोन बायका ओवाळायला ताट घेऊन आल्या.

बाईंनी निकाल वाचला. "मल्हारी सातपुते. गणितात एकोणऐंशी. पास!"

"दादा पास झाला!" शेवंती इतक्या जोरात ओरडली की शेवटच्या घराला ऐकू गेलं.

बाईंचे डोळे भरून आले. "ऊठ बाळा, ऊठ. शाब्बास! पुढच्या वर्षीही अगदी असंच कर. काही म्हणजे काही बदलू नकोस."

"बरं, बाई," मल्हारी म्हणाला. "तसंच करीन."

त्या आनंदात त्याचं हे उत्तर कुणी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. नवं दप्तर घेऊन शेवंती सातवीच्या वर्गात शिरली. बघते तर त्याच बाकावर मल्हारी. शेजारी गणू गवंडी, मांडीवर थापी.

"दादा! तू आठवीत गेलास ना? इथं काय करतोस?"

"बाई म्हणाल्या, अगदी असंच कर. आठवीत हा बाक कुठाय? ही गणितं कुठायत?"

"आणि गणूकाका, तुम्ही?"

गणू म्हणाला, "याने मला आणलं. मीही आलो. पोरी, माझ्याकडे किती आंबे उरले ते मला कुणी सांगितलंच नाही. तेवढं कळलं की जातो."

शेवंतीनं कपाळावर हात मारला. 'ए मल्हारी' अगदी ओठांवर आलं होतं. पण तो पास झालेला होता. तिनं ते गिळलं आणि फळ्याकडे वळली.

"थांबा गणूकाका, फळ्यावर दाखवते. दादा, खडू आण."

दादा! मल्हारीचा चेहरा फुलून गेला. तो आनंदानं अर्धा उठला आणि चटकन पुन्हा खाली बसला.

"आणला असता गं," तो म्हणाला. "पण बाईंनी अजून ऊठ म्हटलेलं नाही."